काजू, अननस आणि बेंतोची वही

एका गावात एक भोळा गडी होता. गाव आपल्याकडचं नव्हे बरं का. लांब, दर्यापलीकडे, ब्राझील देशातलं. गड्याचं नाव बेंतो. अंगाने रेड्यासारखा, मनाने कोकरासारखा. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, आणि सगळी भानगड तिथेच व्हायची.

गावाच्या मधून नदी वाहायची आणि नदीच्या दोन काठांना दोन फुटबॉल क्लब होते. अलीकडचा काजू क्लब, पलीकडचा अननस क्लब. काजूवाल्याच्या घरात अननस चिरत नसत आणि अननसवाल्याच्या घरात काजू भाजत नसत. पोरीचं लग्न जमवताना आधी क्लब विचारायचे, मग नाव.

काजू क्लबचा झेफेरिनो गोल मारण्यात पटाईत. वय अडतीस, आणि डावा गुडघा दारासारखा करकरायचा. अननस क्लबचा ओताव्हियोही तसाच पटाईत, पण त्याने बूट कधीच टांगले होते. आता तो पुलाजवळ न्हावीकाम करायचा. दोघांपैकी जास्त गोल कुणाचे, यावरून गाव बावीस वर्षं भांडत होतं.

काजूवाले म्हणत, "झेफेरिनोचे चारशे सात!"

अननसवाले म्हणत, "छे! त्यातले चार कुणाच्या तरी लग्नात मारलेले. तीन गोल तुरुंगाच्या शिपायांविरुद्ध. आणि एक तर कुल्ल्याला लागून गेलेला!"

"कुल्ला काय दुसऱ्याचा होता?"

"आणि आमच्या ओताव्हियोचे चारशे चार!"

"त्यातले पाच, समोरचा गोलकीपर जेवायला गेला होता तेव्हाचे!"

दर शनिवारी झेफेरिनो दाढीला ओताव्हियोकडेच जायचा. गावात दुसरा न्हावी नव्हता. ओताव्हियो त्याच्या गळ्याला वस्तरा लावायचा आणि हळूच विचारायचा, "काय झेफेरिनो, किती गोल म्हणालास?" वस्तरा गळ्याशी असताना कोण बोलतो? झेफेरिनो बावीस वर्षं गप्प बसत आला होता.

शेवटी पाद्रीबाबा मध्ये पडले. लग्नातले, तुरुंगातले, कुल्ल्याचे, जेवणाच्या सुट्टीतले सगळे गोल वजा करून त्यांनी दोघांनाही तीनशे नव्व्याण्णववर आणून उभं केलं. नवी कोरी वही आणली. डाव्या पानावर झेफेरिनोच्या रेघा, उजव्या पानावर ओताव्हियोच्या. बाकीचे सगळे जुने कागद जून महिन्यातल्या जत्रेच्या होळीत जाळून टाकले. दोन्ही क्लबांनी देवळात शपथ घेतली, "या वहीत जे असेल तेच खरं."

आता झेफेरिनोचा एकच सामना उरला होता. येत्या रविवारी, तोही अननसाविरुद्धच. त्यानंतर तो निवृत्त होणार होता. एक गोल मारला तर चारशे! पण वही कुणाच्या हातात द्यायची? काजूवाला लिहील तर एकाचे दोन लिहील. अननसवाला लिहील तर एकही लिहिणार नाही.

"ज्याला खोटं बोलता येत नाही, असा माणूस हवा," पाद्रीबाबा म्हणाले.

सगळ्या गावाने बेंतोकडे बघितलं.

बेंतो काजू क्लबचं अंगण झाडायचा. त्याचे मालक म्हणजे क्लबचे चिटणीस, सेऊ अनिबाल. आपण रामराव, गोविंदराव म्हणतो ना, तसं तिकडे नावाआधी 'सेऊ' लावतात. सेऊ अनिबालांनी वही त्याच्या हातात दिली.

"बेंतो, नीट ऐक. झेफेरिनोने चेंडू जाळ्यात घातला की एक रेघ ओढायची. कळलं?"

"कळलं, मालक."

बेंतोने मान डोलावली. बेंतो मान फार छान डोलवायचा. ती वही त्याने छातीशी धरली, आणि त्याची छाती एवढी भरून आली की शर्टाचं बटण तुटलं. आजवर कुणी त्याच्या हातात झाडूशिवाय काही दिलं नव्हतं.

सोमवारी झेफेरिनोने एकट्यानेच सराव केला. सराव संपला. मैदानभर पडलेले चेंडू त्याने गोळा केले आणि जाळीच्या पिशवीत भरले. एक, दोन, तीन, बारा चेंडू. बेंतोने बारा रेघा ओढल्या.

मंगळवारी अननसवाल्यांनी पूल डोक्यावर घेतला. "पिशवीत बारा गोल! आता टोपलीत वीस मारा! घमेल्यात पन्नास मारा!" पाद्रीबाबांना पावाच्या तुकड्याने घासून घासून बारा रेघा पुसाव्या लागल्या. त्यांनी पेन्सिल काढून घेतली आणि बेंतोला टाक आणि न पुसणारी शाई दिली, म्हणजे पुन्हा पुसापुशी नको.

सेऊ अनिबालांनी बेंतोचा कान धरला. "अरे, चेंडू आत गेला म्हणून गोल होतो का? पंचाची शिट्टी व्हावी लागते! शिट्टीशिवाय काही खरं मानायचं नाही!"

"असं होय! बरं, आता तसंच करीन."

आणि मान डोलावली.

बुधवारी बेंतो मैदानाशेजारी आंब्याखाली बसला होता. त्याची आई, दोना लुर्देस, कुंपणाशी कपडे वाळत घालत होती. एवढ्यात तिची शेळी सुटली आणि थेट गोलमध्ये शिरली. नवं जाळं तिला आवडलं. ती खाऊ लागली.

"बेंतो! अरे शेळी जाळं खातेय!"

"शिट्टी झाली का?"

"कसली शिट्टी?"

"शिट्टीशिवाय काही खरं नाही, आई."

"अरे मेल्या, डावी बाजू खाऊन झाली! बघ की!"

"बघतोय," बेंतो म्हणाला. तो खरंच बघत होता. "पण अजून खरं नाही."

दोना लुर्देसने चप्पल फेकली. चप्पल शेळीला लागली नाही, बेंतोला लागली. शेळीने उजवी बाजूही संपवली आणि ढेकर दिला.

सेऊ अनिबाल आले. गोलच्या खांबांना दोन-चार दोऱ्या लोंबत होत्या. ते मटकन खाली बसले. उठले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

"बेंतो, शेळी आत शिरताना तू काय केलंस?"

"शिट्टीची वाट बघितली."

"अरे, वाट कसली बघतोस! गोलच्या तोंडाशी कुणी आलं, मग ते कुणीही असो, तर हात पसरून त्याच्या पायांत आडवं पडायचं! आत सोडायचं नाही!"

"असं होय! बरं, आता तसंच करीन."

आणि मान डोलावली.

शुक्रवारी दुसरं जाळं आलं. ते बघायला खुद्द नगराध्यक्ष आले. पांढरा सूट, डोक्यावर पांढरी टोपी, हातात रविवारी द्यायचा चांदीचा चषक. जाळं पक्कं आहे का हे चाचपून बघावं म्हणून ते चालत चालत गोलच्या तोंडाशी आले.

बेंतोने हात पसरले. हवेत उडी घेतली. आणि नगराध्यक्षांच्या पायांत आडवा पडला.

नगराध्यक्ष उडाले. टोपी एकीकडे, चषक दुसरीकडे, आणि नगराध्यक्ष स्वतः आखणीसाठी कालवून ठेवलेल्या चुन्याच्या पिंपात. सूट पांढराच होता म्हणून बरं.

"आत सोडला नाही!" बेंतो जमिनीवरूनच ओरडला.

नगराध्यक्षांना पिंपातून ओढून काढलं. ते काही बोलले नाहीत, कारण तोंडात चुना होता. ते गेल्यावर सेऊ अनिबालांनी बेंतोपुढे अक्षरशः हात जोडले.

"बाबा रे, मोठा माणूस आला की त्याला पाडतात का? मोठ्या माणसाला उचलून खांद्यावर घ्यायचं, 'विवा! विवा!' म्हणायचं आणि गावभर मिरवायचं!"

बेंतोने जरा विचार केला. "मोठा म्हणजे केवढा, मालक?"

"मोठा म्हणजे मोठा! बघितलं की कळतं!"

"असं होय! बरं, आता तसंच करीन."

आणि त्याने एवढी जोरात मान डोलावली की शाई सांडली.

शनिवारी झेफेरिनो दाढीला गेला. ओताव्हियोने वस्तरा गळ्याला लावला, पण त्या दिवशी काही विचारलं नाही. दाढी झाल्यावर फक्त म्हणाला, "गुडघा कसाय?"

"आहे."

"मिठाच्या पाण्याने शेक."

झेफेरिनोने रात्री गुडघा शेकला. बायकोने विचारलं, "एका गोलासाठी एवढं?" तो म्हणाला, "बावीस वर्षं गप्प बसलोय. एकदा तरी त्या खुर्चीत बसून 'चारशे' म्हणायचंय."

रविवार उजाडला. नदीचे दोन्ही काठ रिकामे झाले. एकीकडे काजूवाले ढोल बडवत होते, दुसरीकडे अननसवाले डबे. बेंतो अननसाच्या गोलमागे स्टुलावर बसला. मांडीवर वही, दातांत टाक, पायाशी शाईची दौत. जांभई आली तरी त्याने तोंड उघडलं नाही, टाक पडेल म्हणून.

सामना सुरू झाला. झेफेरिनोने एक चेंडू खांबावर मारला. एक आभाळात मारला. एक मारला तो नगराध्यक्षांच्या मांडीवर जाऊन पडला. अर्धा वेळ संपला, पाऊण वेळ संपला. दोन्हीकडे भोपळा.

शेवटचं मिनिट. चेंडू झेफेरिनोच्या पायाशी आला. तो पळाला. दोघांना चकवलं. आणि तेवढ्यात गुडघा म्हणाला, 'कट्!' झेफेरिनो कोसळला. कोसळता कोसळता त्याने चेंडूला पायाच्या बोटाने नुसतं ढकललं. चेंडू निघाला. पण कसा? जेवणानंतर शतपावलीला निघाल्यासारखा. हळू, हळू, गोलच्या दिशेने.

अननसाचा गोलकीपर म्हणजे गावातला सर्वांत लठ्ठ माणूस. त्याला सगळे ढोल्या म्हणत. वजन साडेतीन मण. तो उठला, दोन्ही हात पसरले आणि आरामात चेंडूकडे निघाला.

गोलमागून बेंतोने त्याला बघितलं. पाठ बघितली, मान बघितली, दंड बघितले.

'मोठा माणूस!' बेंतोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मालक म्हणाले होते, बघितलं की कळतं. कळलं!

त्याने वही स्टुलावर ठेवली. मैदानात धावला. ढोल्याला मागून दोन्ही हातांनी धरला, उचलला आणि खांद्यावर घेतला.

"विवा! विवा!"

"अरे खाली ठेव! खाली ठेव! चेंडू येतोय!"

"मिरवल्याशिवाय कसं ठेवू?"

आणि बेंतो निघाला. मैदानाबाहेर, फाटकातून, पुलावरून, थेट बाजाराकडे.

इकडे चेंडू शतपावली करत करत रिकाम्या गोलमध्ये गेला आणि जाळ्याला टेकून विसावला. पंच चेंडूकडेच बघत होता. पंचाने चेंडूकडेच बघायचं असतं. त्याने शिट्टी वाजवली आणि मध्याकडे बोट दाखवलं.

गोल! काजूवाल्यांचे ढोल फुटले. अननसवाल्यांनी डबे फेकले. पण लगेच सगळे थांबले. वहीत रेघ कुठे आहे?

बेंतोला शोधून आणायला अर्धा तास लागला. तो बाजाराला तिसरी फेरी घालत होता. ढोल्याला आता आवडू लागलं होतं. तो वरून लोकांना हात करत होता.

"बेंतो," सेऊ अनिबाल धापा टाकत म्हणाले, "ओढ रेघ! गोल झाला!"

"मी नाही बघितला."

"अरे, शिट्टी तर ऐकलीस?"

"नाही ऐकली. हा कानात ओरडत होता."

"सगळ्या गावाने बघितलं! ओढ रे!"

बेंतोच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकांना नाही म्हणणं त्याला जड जात होतं. "पण मालक, मी नाही बघितला. न बघता कसं लिहू?"

त्याला खोटं बोलता येत नव्हतं. म्हणूनच तर त्याला नेमला होता. अननसवाले हसू लागले, काजूवाल्यांनी छत्र्या उगारल्या. पाद्रीबाबा मध्ये उभे राहून क्रूस दाखवू लागले. झेफेरिनो गवतावर बसून बूट काढत होता. "जाऊ द्या," तो म्हणाला. "तीनशे नव्व्याण्णव तर तीनशे नव्व्याण्णव."

तेवढ्यात अननसवाल्यांच्या गर्दीतून ओताव्हियो उठला. तो चालत चालत मैदानाच्या मध्यावर आला.

"गोल झाला," तो म्हणाला. "मी बघितला. चारशे."

"ओताव्हियो!" अननसवाले किंचाळले. "तुझा विक्रम जातोय!"

"जाऊ दे. बावीस वर्षं मी या माणसाच्या गळ्याला वस्तरा लावून त्याला गप्प बसवलं. आता पुरे." त्याने झेफेरिनोला हात देऊन उभं केलं. झेफेरिनोला काहीतरी बोलायचं होतं, पण सवयच नव्हती. सगळं गाव नाक पुसू लागलं. काजूवाला अननसवाल्याच्या रुमालाने पुसू लागला.

ओताव्हियो बेंतोकडे वळला. "तू नाही बघितलास, मी बघितला. माझ्या शब्दावर ओढशील ना?"

"तुम्ही सांगता तर ओढीन, सेऊ ओताव्हियो."

"शाब्बास! घे टाक. आणि या सगळ्या भांडणावर एकदाची रेघ ओढून टाक!"

बेंतोने डोळे मिचकावले. "सगळ्या भांडणावर?"

"सगळ्या!"

"मोठी ओढू?"

"चांगली मोठी! गावाला दिसली पाहिजे!"

"असं होय!" बेंतो म्हणाला.

आणि मान डोलावली.

त्याने वही उघडून गवतावर पसरली. टाक दौतीत बुडवला. जीभ बाहेर काढली. गाव श्वास धरून उभं होतं. टाक करकरला, बराच वेळ करकरला. मग बेंतोने शाईवर फुंकर घातली आणि वही पाद्रीबाबांच्या हातात दिली.

पाद्रीबाबांनी वही वर धरली. डाव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, झेफेरिनोच्या तीनशे नव्व्याण्णव आणि ओताव्हियोच्या तीनशे नव्व्याण्णव, सगळ्या रेघांवरून एक जाड, काळी, न पुसणारी काट गेली होती.

वहीत जे असेल तेच खरं, अशी देवळात शपथ झाली होती.

पाद्रीबाबांनी घसा खाकरला. "झेफेरिनो... शून्य," ते म्हणाले. "ओताव्हियो... शून्य."

बेंतोने दोन्ही हात वर केले आणि आनंदाने उडीच मारली.

"बरोबरी!"