बिनपावाची भट्टी

जर्मनीच्या डोंगराळ मुलखात, जंगलातल्या एका खोलगट जागी एर्लेनग्रुंड नावाची सात घरांची वस्ती आहे. चर्च नाही, दुकान नाही. पण पावाची सामाईक भट्टी मात्र एखाद्या घराएवढी. वर्षातून एक दिवस ती दिवसभर पेटते आणि तिच्यात एकही पाव भाजत नाहीत. इथली माणसं मुळात अबोल. तरी का म्हणून विचारलं, तर एवढी गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, लढाईच्या दिवसांत, खालच्या खोऱ्यात सैन्य उतरलं होतं. धूर दिसला किंवा त्याचा वास आला की शिपाई यायचे आणि गोठ्यासकट घर लुटायचे. म्हणून गावकारभारी लोरेंत्सने वस्तीतली चूल न् चूल विझवायला लावली. सगळी आळीमिळी गुपचिळी. लोक कच्चे सलगम चावत राहिले, भट्टी गार पडली, पावाचं आंबवण थंडीने मेलं. अखेर सैन्य हललं का हे बघायला वाल्बुर्गा नावाच्या विधवेची लेक ओटिली खाली गावात गेली. पोर पायाने चपळ होती, वाटही तिला पाठ होती.

ती परतायच्या दिवशी भरदुपारी बर्फ पडू लागला. हातभर पुढचं दिसेना. वाल्बुर्गा सरपण घेऊन भट्टीपाशी आली. धुराच्या वासावर पोर घर गाठेल, एवढंच तिचं म्हणणं. लोरेंत्स आडवा आला. एका पोरीसाठी सात घरं पणाला लावायची का, असं त्याने विचारलं म्हणे. त्याचंही काही खोटं नव्हतं. वाल्बुर्गाने काळजावर दगड ठेवला आणि सरपण घेऊन ती घरी परतली.

सकाळी ओटिली गोठून मेलेली सापडली, भट्टीपासून दोनशे पावलांवर. पोटाशी बांधलेल्या फडक्यात नव्या आंबवणाचा गोळा होता, गोठू नये म्हणून अंगाच्या उबेला धरलेला. तो पाहिला आणि सगळ्यांना कळलं. खालच्या गावात पुन्हा पाव भाजू लागले होते, म्हणजे सैन्य गेलं होतं. भट्टी पेटवा, हेच सांगायला पोर येत होती.

लोरेंत्स बर्फातच गुडघे टेकून बसला. वाल्बुर्गा त्याला म्हणाली, "तू नको म्हणालास, त्यात तुझं काय चुकलं? ऐकलं ते मी." मग तिने भट्टी पेटवली आणि संध्याकाळपर्यंत एकटीने पेटती ठेवली, असं सांगतात. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

आजही वर्षाचा पहिला बर्फ पडला की एर्लेनग्रुंडची भट्टी पेटते. सातांतली तीन घरं आता बंदच असतात, पाव शहरातून गाडीने येतो. पण ज्या बाईला पहिला बर्फ दिसेल, तिने हातातलं काम टाकून सरपण लावायचं, आणि कोणालाही विचारायचं नाही.