माहेरी आलेल्या मासळीची कहाणी

अक्षता मुठीत धरा, लेकरं मांडीवर घ्या, कुजबुज पुरे करा. ऐक खाडीबाई, तुझी कहाणी.

आटपाट बंदर होतं. बंदराला एक खाडी होती. खाडीकाठी जोमा नाखवा राही. घरात त्याची म्हातारी आई आणि बायको हांशी. नाखव्याची होडी कधी रिकामी परतत नसे.

त्या बंदराची एक रीत होती. आषाढ लागला की होड्या वर ओढायच्या, माडाच्या झापांनी शाकारायच्या. का, तर त्या दिवसांत समुद्रातली मासळी पोटुशी होऊन खाडीत चढते. खाडी तिचं माहेर. माहेरी आलेल्या लेकीला कुणी कापतं का? मग बायकांनी खाडीच्या तोंडाशी जावं, तांदूळ, नारळ, हळदकुंकू पाण्यात सोडावं, मासळीची ओटी भरावी. म्हणावं, "बये, सुखानं मोकळी हो." नारळी पुनवेपर्यंत जाळं पाण्याला लावू नये. असं खाडीबाईचं व्रत होतं.

एके वर्षी काय झालं? हांशीला दिवस गेले. आषाढात सातवा लागला आणि तिला गाभोळी, मासळीच्या पोटातली अंडी, खायचे डोहाळे लागले. दुसरं काही तोंडात धरवेना. पहिल्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं. नाखवा म्हणाला, पुनव होऊ दे. दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी ती भरल्या ताटावरून उठली. मग सासू बोलली. डोहाळे राहिले तर पोराचे कान फुटतात, म्हणाली. एका मासळीनं समुद्र का आटतो? म्हातारीचा जीव नातवात अडकलेला, तिचं तरी काय चुकलं म्हणा. पण चुकलं.

नाखव्यानं होडी ढकलली, खाडीच्या तोंडात आडवं जाळं लावलं. एकच मासळी लागली, पोटानं तट्ट फुगलेली. जाळ्यातून काढताना ती बोलली, "नाखवा, नाखवा, मला मोकळी होऊ दे." नाखवा म्हणाला, वारा वाजतो. विळीवर धरताना बोलली, "म्हातारे, म्हातारे, मला मोकळी होऊ दे." सासू म्हणाली, विळी कुरकुरते. गाभोळी तव्यावर पडली, तव्यातून बारीक आवाज आला, "हांशे, हांशे, तू तरी." हांशी म्हणाली, तेल तडतडतं. तिनं पोटभर खाल्लं, बोटं चाटली. मासळीचं डोकं परसात टाकलं. त्याला मांजरानं तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही ते तिथंच होतं, डोळे दाराकडे लागलेले.

वास साऱ्या आळीला गेला. नाखव्यानं जाळं लावलं, मग आपण का नाही? मग एकानं लावलं, दुसऱ्यानं लावलं, तिसऱ्यानं लावलं. खाडीच्या तोंडाला जाळ्यांचं कुंपण झालं. त्या वर्षी घरोघर गाभोळी. ओटी भरायला कुणी गेलं नाही. तेलकट हातांनी अक्षता कोण घेणार?

आश्विनात हांशीला मुलगा झाला. कान धड, नाक धड, हातपाय धड. पण पोर रडेना. आणि पोर डोळे मिटेना. पाळण्यात घातलं, झोका दिला, अंगाई म्हटली, पापणी लवेना. सुईण म्हणाली, होईल हळूहळू. सासूनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पोर उघड्या डोळ्यांनी खाडीकडे मान वळवून पडून राही. कान फुटू नयेत म्हणून डोहाळे पुरवले, आणि डोळे उघडे राहिले.

पुढच्या वर्षी जाळ्यात मासळी थोडी आली. त्याच्या पुढच्या वर्षी बारीक आली. तिसऱ्या वर्षी जाळ्यात नुसतं पाणी आणि बुळबुळीत गाळ. बगळे गेले, घारी गेल्या, खाडीतली पाणमांजरं गेली. पाण्यावर हिरवी साय धरली. डासांच्या अळ्या खाणारी मासळीची पिल्लं उरली नव्हती, घरोघर ताप आला. घरची मांजरंसुद्धा बंदर सोडून चालती झाली. मासळी वाळवायच्या काठ्यांवर कावळा बसेना. बंदरात आवाज म्हणून राहिला नाही. हांशीच्या घरात तो आधीपासूनच नव्हता.

आता ऐका, आणि दाराकडे बघू नका. दर आषाढात दिवेलागणीला एक बाई नाखव्याच्या दाराशी येई. पोटुशी, ओलीचिंब, पदर रिकामा. म्हणे, "बाळंतपणाला आले. माहेराला कुंपण घातलंय. जागा देता का?" पहिल्या वर्षी सासूनं दार लावलं. दुसऱ्या वर्षी नाखव्यानं दार लावलं. सकाळी बघावं, तर उंबऱ्याशी खारं पाणी साचलेलं. तिसऱ्या वर्षी हांशीनं दार उघडलं. बाईच्या डोळ्यांना पापण्या नव्हत्या. हांशीनं मागं वळून पोराकडे बघितलं, पुन्हा बाईकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. पण तिनं दार लावलं नाही. पाट मांडला, मडक्यातले उरलेसुरले तांदूळ बाईच्या ओटीत घातले. तेव्हा पोर जन्मात पहिल्यांदा हसलं.

बाई म्हणाली, "माझ्या दारातलं जाळं काढ. आषाढात माझी ओटी भर. पोटुशी मासळी हाताला लागली तर पाण्यात सोड. लगेच काही मिळायचं नाही. मी फार थोडी उरले आहे. उतू नको, मातू नको, भुकेपायी वसा टाकू नको. मी मोकळी झाले की तुझं पोर निजेल."

मग ती उठली, ओल्या पावलांनी खाडीत उतरली. तिचा पाट पुढं कधी वाळला नाही.

हांशीनं विळी घेतली. नाखवा आडवा आला, पोट कशावर भरायचं म्हणाला. तिनं विचारलं, आता कशावर भरतंय? छातीइतक्या पाण्यात शिरून तिनं आपल्या घरचं जाळं कापलं. मग शेजारच्या जाळ्याला हात घातला. आळी जमली. बाया शिव्या देऊ लागल्या, पुरुषांनी काठ्या काढल्या. हांशी म्हणाली, "तुमची पोरं निजतात. माझं पोर निजलेलं कसं दिसतं, मला ठाऊक नाही. मला हे कापू द्या."

काठ्या खाली आल्या. मग गर्दीतून सासू पाण्यात उतरली. "मासळी मी कापली होती. विळी माझ्याकडे दे," म्हणाली, आणि दुसरं जाळं तिनं कापलं. मग ज्याचं त्यानं आपापलं जाळं वर घेतलं.

पहिल्या आषाढात बायांनी ओटी भरली. काही आलं नाही. माणसं परक्याच्या शेतात लावणीला गेली, भात आणि मीठ खाऊन राहिली. दुसऱ्या आषाढात मासळी आली, बोटाबोटाएवढी, मोजकी. नाखव्याचे हात शिवशिवले. त्यानं ते काखेत धरले आणि घरी आला. तिसऱ्या आषाढात खाडीचं पाणी मासळीच्या पाठींनी काळं झालं. तिवरांवर बगळे उतरले. पोटुश्या मासळ्या बायांच्या पायांना अंग घासून वर चढल्या, आणि बायांनी पाय हलवले नाहीत.

ओटी भरून हांशी घरी आली. बघते तर पोर उंबऱ्यावर आडवं, डोळे मिटलेले. तिनं तसे डोळे कधी बघितलेच नव्हते. तिला वाटलं, पोर गेलं. हातातलं तबक खाली पडलं. सासूनं वाकून पोराच्या नाकाशी बोट धरलं. ऊन ऊन श्वास लागला. म्हातारी हळूच म्हणाली, "हांशे, रडू नको. उठेल तो."

हांशी तिथंच बसली. दिवा लावायलासुद्धा उठली नाही. सकाळी पोरानं डोळे उघडले आणि भुकेनं भोकाड पसरलं. आळी धावत आली, कुणी त्याला उगी केलं नाही. सगळी दाराशी उभी राहून ते रडणं ऐकत राहिली.

अजून त्या बंदरात आषाढात दिवेलागणीला कुणी दार लावत नाही. सकाळी एखाद्या उंबऱ्याशी खारं पाणी दिसतं. घरची बाई ते पुसत नाही.

जशी खाडीबाई हांशीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. माहेरी आलेली सुखानं मोकळी होवो, लेकरं वेळेवर निजोत, आणि निजलेली उठोत. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरीं, भरल्या ओटीनं, भरल्या खाडीनं सुफळ संपूर्ण झाली. आता अक्षता पाण्यात सोडा.