शिंपिणीने उसवलेले दोन टाके

गावाच्या पलीकडे आणि ओढ्याच्या अलीकडे एक लहानसे रान होते, आणि त्या रानात एक शिंपीण राहत असे. कपडे शिवणारी नव्हे, पाने शिवणारी. अंगाने तुमच्या अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, शेपटी सदा वर आणि चोच अगदी सुईसारखी. भोकराच्या झुडपावरची दोन रुंद पाने तिने एकमेकांना जोडून शिवली होती. चोचीने पानाच्या कडेला भोक पाडायचे, कोळ्याच्या जाळ्याचा धागा त्यातून ओढायचा आणि तो सुटू नये म्हणून टोकाशी कापसाची बारीक गाठ बसवायची. असे एकोणीस टाके तिने घातले होते. आत सावरीचा कापूस होता आणि कापसावर तीन अंडी होती. बाहेरून पाहावे तर नुसती दोन पाने! रोज त्याच झुडपाखालून मुंगूस जात असे. मुंगूस काही भोळा प्राणी नव्हे, पण त्यालाही कधी संशय आला नाही.

या रानात दर रविवारी सकाळी वत्सलाबाई येत. पोस्टातली नोकरी संपल्यावर त्यांनी एक कॅमेरा घेतला होता. घरच्या मांजरापासून शेणकिड्यापर्यंत ज्याला ज्याला म्हणून जीव आहे, त्याचा फोटो काढावा असे त्यांना वाटे. शेणकिड्यासमोर त्या अर्धा अर्धा तास पालथ्या पडून राहत आणि वर म्हणत, "वा! काय चाल आहे!" त्यांच्याबरोबर त्यांचा म्हातारा कुत्रा असे. त्याला त्या वाटेवरच्या जांभळाला साखळीने बांधून ठेवत. रानातल्या मंडळींना माणसांची भाषा येत नसे. ती कुत्र्याला येई, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरू देत नसे.

"आमच्या घरी भिंतीवर माझे अकरा फोटो आहेत," तो सांगे. "मांजराचे चार. तेसुद्धा बाईंचा स्वभाव मऊ म्हणून."

आता मुलांनो, कौतुकाची चटक लागायला वेळ लागत नाही. फोटो काढून झाला की बाई कॅमेऱ्यामागच्या काचेत तो पाहत. त्या वेळी वरच्या फांदीवरून खार डोकावे आणि कोण कसा दिसतो ते रानभर सांगत सुटे. चार-सहा रविवारांत रानाचे रंगढंग पालटले. चतुर एकाच काडीवर येऊन बसू लागला, कारण त्या काडीवर ऊन चांगले पडे. कोळ्याने जाळ्याचा फाटका कोपरा नीट केला आणि रविवारी सकाळी माशी सापडली तरी बाई येईपर्यंत तो तिला हात लावीनासा झाला. एका डोंगळ्याचा दाणा नेताना फोटो निघाला होता. तो तोच दाणा घेऊन तीन आठवडे फिरत होता. वारुळात दाणा पोहोचलाच नाही, पण त्याबद्दल त्याला कोणी काही म्हटले नाही. तो आता प्रसिद्ध होता ना!

फोटो निघाला नव्हता तो एकट्या शिंपिणीचा. तिला ते फार लागले होते. "त्या कोळ्याचं जाळं मी रोज पाहते," ती नवऱ्याला म्हणे. "नुसतं गोल गोल विणायचं. आणि मी सुईदोऱ्यानं घर शिवलंय, ते कोणाच्या खिजगणतीत नाही!"

"अगं, ते दिसत नाही, म्हणूनच तर शिवलंय," तो म्हणे आणि अळ्या शोधायला निघून जाई. तो बोलायला बरा होता, पण समजूत घालायला थांबत नसे.

अंडी फुटली. तीन पिल्ले बाहेर आली. उघडी, आंधळी, आणि सगळी मिळून तीन चोचीच. त्यानंतर दोनच दिवसांनी रविवार होता. शिंपीण चोचीत अळी घेऊन आली आणि पाहते तो काय, वत्सलाबाई झुडपासमोर उभ्या! दुसरी एखादी पक्षीण असती तर दूर बसून ओरडली असती. ही मुद्दाम डौलात उतरली, शेपटी आणखी वर केली आणि पानांच्या फटीत शिरली. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग त्यांना ते टाके दिसले. त्यांनी कॅमेरा खाली घेतला, अजून न बांधलेल्या कुत्र्याला काहीतरी हळूच म्हटले, झुडपाकडे पाठ केली आणि दुसऱ्या वाटेने निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी चतुराचे सात फोटो काढले. खारीने ते मोजून सांगितले.

शिंपिणीच्या डोळ्यांना पाणी आले. ती उडत जांभळाखाली गेली. "दादा, तुमच्या बाई माझ्या घरासमोर काय म्हणाल्या हो?"

कुत्रा कान खाजवत होता. "म्हणाल्या, ‘चल रे राजा, इथं थांबायचं नाही.’"

"आणखी काही?"

"राजा म्हणजे मी," कुत्रा म्हणाला.

इथं थांबायचं नाही! आठवडाभर ते शब्द शिंपिणीच्या मनात घोळत राहिले. पिल्लांना भरवताना, पंखाखाली घेताना तेच. पिल्लांचे डोळे उघडले, अंगावर पिसांचे खुंट आले, पण तिकडे तिचे धड लक्ष गेले नाही. शेवटी तिला वाटले, बाईंची काय चूक? घर दिसलेच नाही तर त्या थांबतील कशाला? बाहेरून नुसती दोन पाने दिसतात. आतला कापूस, त्याची घडण, तीन गोजिरवाणी पिल्ले हे दिसले पाहिजे. शनिवारी संध्याकाळी तिने वाटेच्या बाजूचे दोन टाके चोचीने उसवले. पान बाजूला झाले आणि मावळतीचे ऊन थेट आत पडले. पिल्ले फारच सुंदर दिसत होती, ते मात्र खरे.

"हे काय केलंस?" नवरा म्हणाला.

"दोनच तर उसवलेत. सतरा आहेत अजून. उद्या बाई आल्या की लगेच घालीन."

नवऱ्याने तेव्हाच ते दोन टाके घालून घ्यायला हवे होते. पण रात्री भांडण नको म्हणून तो गप्प बसला. घरोघरी असेच होते.

त्या रानात एक भारद्वाजही होता. काळे अंग, तांबूस पंख, लाल डोळे. पळणे नाही, घाई नाही. सकाळी पुजाऱ्यासारखा झुडपाझुडपातून चालत फिरायचा. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणून माणसे त्याला हात जोडतात. तो काय खातो, हे त्यांच्यापैकी फारसे कोणी विचारत नाही. त्याला फोटोची हौस नव्हती, आणि कौतुक त्याला घरबसल्या मिळतच होते. रविवारी उजाडल्यावर तो नेहमीसारखा भोकराखालून चालला होता. वर दोन पानांच्या फटीत काहीतरी हलले. तो फांदीवर चढला. पानावर सावली पडली म्हणजे आई आली, असे पिल्लांना वाटले, आणि तिघांनीही चोची उघडल्या.

शिंपीण अळी घेऊन परतली तेव्हा भारद्वाज फांदीवरून खाली उतरत होता आणि घरात दोन चोची होत्या.

तिने आणि तिच्या नवऱ्याने जो आकांत केला, त्याने रान जागे झाले. खार ओरडली, बुलबुल ओरडले, साळुंक्या धावून आल्या. भारद्वाजाने कोणाकडे पाहिले नाही. घास चोचीत धरून तो शांतपणे मोकळ्या वाटेवर आला. नेमक्या त्याच वेळी वत्सलाबाई वळणावरून पुढे आल्या.

"अगंबाई, भारद्वाज!" त्यांनी आधी हात जोडले आणि मग कॅमेरा उचलला. भारद्वाज क्षणभर उन्हात उभा राहिला. कॅमेरा वाजला. कुत्रा भुंकला, आणि भारद्वाज करवंदीच्या जाळीत शिरला.

बाईंनी काचेत पाहिले. वरच्या फांदीवरून खारीनेही पाहिले. फोटो फार छान आला होता. डोळ्यांतला लाल रंग, पंखांवरचे ऊन, सगळे स्पष्ट होते. चोचीत काय आहे तेही स्पष्ट होते. आजवर फोटो पाहिला की खार सगळ्यांत आधी बोलायची. त्या दिवशी ती तशीच वळली आणि झाडाच्या शेंड्याला जाऊन बसली.

बाईंनी मान वर केली. त्यांना ओरडणारी शिंपीण दिसली, झुडूप दिसले आणि उघडे पडलेले पानही दिसले. त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला. कुत्र्याला घेऊन त्या करवंदीची जाळी आणि भोकराचे झुडूप यांच्या मध्ये, वाटेवरच बसल्या. तोंड जाळीकडे, पाठ झुडपाकडे. कुत्र्याला त्यांनी शेजारी बसवले.

शिंपिणीला आता त्या पाठीचा राग आला नाही. राग करायला तिला सवडच नव्हती. टाके घालायचे होते आणि धागा नव्हता. तेवढ्यात कोळी आपल्या जाळ्यावरून खाली आला. "माझं घ्या, वहिनी," तो म्हणाला. बाईंसाठी राखलेले ते जाळे त्याने स्वतः एका बाजूने तोडले. शिंपिणीने त्याचा धागा ओढला. पहिला टाका दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. दुसराही बसला. आत दोन पिल्ले एकमेकांना चिकटून गप्प होती. भुकेलेले पिल्लू गप्प बसते तेव्हा ते फार घाबरलेले असते.

जाळीतून दोनदा ‘कूप कूप’ असा आवाज आला. दोन्ही वेळा कुत्रा गुरगुरला. दुपार कलेपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत. डबाही त्यांनी तिथेच खाल्ला. एवढ्या वेळात त्यांनी मागे वळून एकदाही झुडपाकडे पाहिले नाही.

शिंपीण कुत्र्याजवळ आली. "दादा, त्या दिवशी बाई काय म्हणाल्या ते सगळं आठवून सांगा. सगळं."

कुत्र्याने कान खाजवत आठवले. "म्हणाल्या, ‘चल रे राजा, इथं थांबायचं नाही. घरटं आहे. आपण थांबलो तर आपल्या मागून दुसरं कोणीतरी यायचं. आणि शिवलंय किती सुरेख! असं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं.’"

"हे तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"‘थांबायचं नाही’पर्यंतचं माझ्याबद्दल होतं," कुत्रा म्हणाला. "पुढचं माझ्याबद्दल नव्हतं. म्हणून लक्षात राहिलं नाही." आणि मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी भारद्वाज झुडपाभोवती दोन फेऱ्या मारून गेला. "काल इथं एक दार उघडं होतं," तो स्वतःशीच म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, लोभही नव्हता. "मी कोणाचं उसवत नाही. उघडं दिसलं की डोकावतो." झुडपावरची सगळी पाने त्याला सारखीच दिसली. तो ओढ्याकडे चालत गेला.

पाच दिवसांनी दोन पिल्ले उडाली. बाईंनी तो भारद्वाजाचा फोटो कोणाला दाखवला नाही आणि भिंतीवरही लावला नाही. शिंपिणीच्या घरातल्या कोणाचा फोटो म्हणाल, तर तेवढा एकच निघाला.

पुढच्या हंगामात शिंपिणीने त्याच झुडपावर घर शिवले. टाके मोजले तर तेवीस भरले. एका रविवारी वत्सलाबाई त्या वाटेने आल्या, झुडपापाशी त्यांची पावले हळू झाली, आणि मान दुसरीकडे वळवून त्या पुढे गेल्या. आत अंड्यांवर बसलेल्या शिंपिणीने ती पाठ वळणाआड जाईपर्यंत पाहिली.

तात्पर्य : जगाने पाहावे म्हणून घराचे टाके उसवू नयेत. ज्याला खरे कौतुक असते तो पाहूनही पुढे जातो, आणि उघड्या दारात आधी येतो तो भुकेला.