दोन वेशी

एक होतं चिरेनगर नावाचं जुनं शहर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथं एक म्हातारा गवंडी आला, सटवाजी. जन्मभर यानं मातीच्या भिंती बांधल्या. म्हणाला, एकदा दगडातलं काम डोळे भरून बघावं.

मग त्यानं जुनी वेस बघितली. काय तिची कमान, बरं का. त्यानं चिऱ्यांवरून हात फिरवला, म्हणाला, "बांधणाऱ्यांनो, उपकार झाले बाबांनो."

पलीकडं राजाची नवी वेस होती. पांढरीशुभ्र, वर दगडी जाळी. तीही त्याला आवडली. पण ती दोनदा पडली होती. राजानं सांगितलं होतं, उद्या तिसऱ्यांदा पडली, तर जुनी वेस पाडा आणि तिचे चिरे नवीला लावा.

सटवाजीचा जीव कळवळला. मग तो पायऱ्यांच्या विहिरीकडं गेला. "बाई, तू कशी टिकलीस?"

विहीर म्हणाली, "मला चहूकडून माती धरते. घुमटाला विचार."

मग तो घुमटाकडं गेला. घुमट म्हणाला, "माझे थरच एकमेकांना धरतात. कमानीचं दुखणं कमानीला विचार."

मग तो जुन्या वेशीकडं आला. ती हळूच म्हणाली, "मला बांधलं तेव्हा माझ्याखालचा लाकडी आधार दोन पावसाळे कुणी हलवला नाही. या नवीचा दर दसऱ्याला काढतात. राजाचा हत्ती सीमोल्लंघनाला हिच्यातून जायचा असतो ना."

मग काय, सटवाजी धावला. मजूर आधार काढायलाच आले होते. हा आधाराच्या खांबाला मिठी मारून बसला.

मजूर हसले. "आजोबा, गावाकडं जाऊन चुली बांधा."

तेवढ्यात राजा आला. "म्हाताऱ्या, ऊठ. उद्या हत्ती कुठून नेऊ?"

"जुन्या वेशीतून न्या, महाराज. हिचा चुना ओला आहे. बोट लावून बघा."

राजानं बोट लावलं. ते पेरभर आत गेलं. राजानं आधार तसाच ठेवायला सांगितला. मग म्हणाला, "बाबा, दोन्ही वेशी तुम्ही राखल्यात."

दोन पावसाळे गेले. मग सटवाजीला बोलावलं, त्याच्याच हातानं आधार काढला. सगळ्यांनी श्वास रोखला. कमान हलली नाही.

मग नवी वेस पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आजी, मी उभी आहे."

"दिसतंय गं मला," जुनी वेस म्हणाली.

त्या दोघी उभ्या राहिल्या, राजा सुखात राहिला, सटवाजीही. आता पाय पोटाशी घ्या आणि निजा, बाळांनो.