सगुणाची डोली

घाटाखालच्या एका गावात त्र्यंबक नावाचे एक वैद्य राहत. हाताला गुण असा, की दारात कायम गर्दी. पण घाटावरच्या पाड्यांतले आजारी तिथवर पोचतच नसत. वैद्य वर गेले, तर खालचे ताटकळत. ते खाली थांबले, तर वरचे दगावत.

वैद्यांकडे औषधं कुटायला सगुणा नावाची एक बाई होती. एक दिवस वैद्यांनी तिच्या हातातला बत्ता काढून घेतला आणि तिला नाडी पाहायला बसवलं. वैद्याची विद्या कुटणारीला शिकवायची, हे गावाने कधी ऐकलं नव्हतं. गाव कशालाही हसतं. याला जरा जास्तच हसलं. सगुणा मात्र मन लावून शिकली आणि औषधांची झोळी घेऊन घाट चढू लागली. पहिल्या दिवशी वैद्य म्हणाले, "येईल ते कर, सगुणे. येणार नाही ते माझ्याकडे आण."

म्हणून ती प्रत्येक पाड्याला आजाऱ्याला खाली न्यायला बांबूची एक डोली तयार ठेवायला सांगे. लोक बिचकत. "माणसं धडधाकट असताना तिरडी कशाला बांधायची?" असं म्हणत. वरच्या पाड्याचा कारभारी लखमा तर भारीच हट्टी. सगुणाने स्वतः बांधून दिलेली डोली त्याने अपशकुन म्हणून ओढ्यापलीकडे भिरकावून दिली.

तिची औषधं मात्र त्याला चालत. पाड्यावरचे ताप उतरले, जखमा भरल्या, मोडलेले हात सरळ झाले. "आपली बाई असताना वैद्य हवाय कशाला?" असं लखमा चारचौघांत सांगू लागला. सगुणालाही ते ऐकून बरं वाटे. कुणाला वाटणार नाही?

एकदा लखमाचा मुलगा बुधा मधाचं पोळं काढताना झाडावरून पडला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. सगुणा शेजारच्याच पाड्यावर होती, ती धावत आली. तिने जखम धुतली, फडकं गुंडाळलं, पाय हलू नये म्हणून बांबूच्या कामट्या बांधल्या. मग म्हणाली, "लखमादादा, हे माझ्या हातचं नाही. याला वैद्यबुवांकडे न्यायचं. आत्ताच."

लखमा चवताळला. "एवढ्यांचे हात जोडलेस, आता माझ्या पोराचा पाय जोड! नाही म्हणालीस, तर या पाड्यावर तुझ्या हातचं औषध कोण घेईल?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सगुणालाही ठाऊक होतं. हाड कसंबसं आत ढकलून पट्टी बांधली असती, तर त्या दिवसापुरतं नाव राहिलं असतं.

"नका घेऊ," ती म्हणाली. "माझं नाव गेलं तर पुन्हा मिळेल. पोराचा पाय मिळायचा नाही."

ती ओढा ओलांडून गेली आणि टाकलेली डोली ओढत घेऊन आली. बांबू शाबूत होते, दोर कुजले होते. झोळीतलं आपलं दुसरं लुगडं फाडून तिने दोर केले. लखमाला एका शब्दानेही टोचलं नाही. तो खाली मान घालून पुढे आला आणि त्याने डोलीला खांदा दिला.

वैद्यांनी हाड बसवलं. पाय वाचला. ते लखमाला म्हणाले, "हिने तिथेच बांधला असता, तर पाय सडला असता. हिने आणला, म्हणून माझ्या विद्येचा उपयोग झाला." सगुणा त्यांच्या पाया पडली. म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत, बुवा."

लखमाने परतल्यावर नवी डोली बांधली आणि गावदेवाच्या शेजारी टांगली. दसऱ्याला विळ्या-कोयत्यांबरोबर तिलाही हळदकुंकू वाहू लागला. हळूहळू पाड्यापाड्यावर डोल्या दिसू लागल्या.

पुढे सगुणा म्हातारी झाली. गुडघ्यांनी दगा दिला. आता घाट सुटला, म्हणून ती ओसरीवर डोळे पुसत बसली होती. तेवढ्यात दारात डोली उतरली. पुढच्या खांद्याला बुधा होता, घाट उतरून आपल्या पायांनी आलेला.

"बस, माय. पाड्यावर पोरं तापानं फणफणलीत."

"अरे, ही तर आजाऱ्याची डोली!"

"आजवर आजारी खाली आणले. आता औषध वर न्यायचंय."

सगुणाने झोळी उचलली. डोलीत बसल्यावर मात्र ती हसता हसता रडली.

तात्पर्य: 'हे मला येत नाही' असं वेळेवर सांगून जो दुसऱ्याचा जीव राखतो, त्याचं नाव बुडत नाही, त्याचे पाय थकले, की लोक त्याला खांद्यावर घेतात.