सटवाजी आणि नदीवरचा साकव

ज्या काळाची मोजदाद कुणी ठेवली नाही, त्या काळातली ही गोष्ट. एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. मधे लाकडी साकव होता. इकडच्या लेकी तिकडे नांदत, तिकडच्या इकडे.

अलीकडच्या गावात सटवाजी पोथी वाचून सांगायचा. आवाज भारदस्त, पण ऐकायला चार म्हातारे.

एका उन्हाळ्यात नदी आटली. लोक घाबरले. सटवाजी पारावर उभा राहिला. म्हणाला, "पाणी आटलं नाही. पलीकडच्यांनी चोरलं!" सगळा गाव त्याच्याभोवती गोळा झाला. इतकं कान देऊन त्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्याला ते फार गोड लागलं.

काशाई नावाची म्हातारी म्हणाली, "अरे, डोंगरातला झराच सुकलाय. चल, दाखवते."

"शंका काढील तो फितूर!" सटवाजी गरजला.

त्या दिवसापासून काशाईला चुलीसाठी कुणी विस्तवही दिला नाही. मग कुणी शंका काढेना. माणसं आपल्याच घरात हळू बोलू लागली. भाऊ भावाला भिऊ लागला.

पुढे पाऊस आला. नदी दुथडी भरून वाहू लागली, तरी राग ओसरला नाही. सटवाजीने तो ओसरू दिला नाही. साकव तोडायचं ठरलं.

कुऱ्हाडी चालू झाल्या, आणि पलीकडून एक बाई लगबगीने साकवावर आली. ती येसू होती, सटवाजीची धाकटी बहीण. आई अंथरुणाला खिळल्याचं ऐकून निघाली होती.

"थांबा! माझी येसू आहे ती!" सटवाजी ओरडला.

त्याचा लाडका शिष्य मल्हारी याने वळून पाहिलं. "म्हणजे तुम्हीही त्यांचेच?"

सटवाजीने गर्दीकडे पाहिलं. काहींनी माना खाली घातल्या. पुन्हा घाव पडला. तो बहिणीकडे धावला. साकव कडाडून मोडला आणि दोघं पुरात पडली.

पलीकडच्यांनी दोर टाकून दोघांना ओढून काढलं. कुणी सटवाजीच्या अंगावर घोंगडी घातली. त्याला मान वर करवेना.

चार दिवसांनी आई गेली. बहीणभावाने चितेचा धूर लांबून पाहिला. त्याच संध्याकाळी समोरच्या पारावर मल्हारी बोलायला उभा राहिला, आणि सगळा गाव त्याच्याभोवती गोळा झाला. सटवाजी काठावरून ओरडत राहिला. पाण्याच्या घोंगावण्यात त्याचा शब्द कुणाला ऐकू गेला नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, दुसऱ्यांची भीती दाखवून जो लोकांना आपल्यामागे आणतो, त्याला पुढे त्याच लोकांना थांबवता येत नाही.