बॉयलरच्या खोलीचं दार

“...मग मला इथवर आणलंतच कशाला?”

तबस्सुमने हातमोजा दातांनी ओढून काढला. बोटं निळी पडली होती. राग इतका चढला होता की थंडीही जाणवत नव्हती.

वामनकाका खोबरेकरांनी थर्मासचं झाकण फिरवलं.

“चहा घे, बाय.”

“चहा नकोय मला. उत्तर हवंय.”

काकांनी चहा ओतला. स्वतःला.

नॉर्वेच्या पार उत्तरेकडची ती एक अरुंद खाडी. दोन्ही बाजूंना काळे, उघडे डोंगर, मध्ये काकांची लाकडी बोट, आणि बोटीखाली सत्तावीस मीटरवर एक मालवाहू जहाज, दुसऱ्या महायुद्धात बुडालेलं. काका मूळचे मालवणचे. आधी नौदलात पाणबुडे होते, मग तेलविहिरींच्या कामासाठी तीस वर्षं याच समुद्रात उतरले आणि म्हातारपणी इथेच राहिले. त्या जहाजाचा कोपरान् कोपरा त्यांना ठाऊक होता.

तबस्सुम सोलकर दाभोळची. तारकर्लीला लोकांना डायव्हिंग शिकवायची. सहाशेच्या वर डाइव्ह तिच्या नावावर होत्या, आणि ती हे कुणालाही सांगायला विसरत नसे. तिच्या आजोबांचे वडील, इब्राहिम, या जहाजावर आगवाले होते. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा लोटायचं काम. जहाज बुडालं तेव्हा ते खालीच होते. आजोबा तेव्हा आईच्या पोटात होते.

आता पंच्याऐंशीच्या झालेल्या त्या आजोबांना तिने शब्द दिला होता. बॉयलरच्या खोलीत जाईन. ते उभे राहायचे तिथे उभी राहीन. त्यांच्यासाठी फातिहा पढेन, कुराणातली ती प्रार्थना.

आणि सहा दिवस झाले, काका तिला त्या खोलीच्या दारापर्यंत नेत होते आणि तिथे अंगठा वर करत होते. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे शाब्बास नव्हे. अंगठा वर म्हणजे, परत चला.

पहिल्या दिवशी कारण विचारलं तर म्हणाले, “पाणी गढूळ होतं.”

दुसऱ्या दिवशी पाणी काचेसारखं होतं. काका म्हणाले, “आज फारच स्वच्छ होतं.”

तिसऱ्या दिवशी म्हणाले, “भूक लागली.”

चौथ्या दिवशी तिने विचारलंच नाही. तेव्हा काकांनी आपणहून सांगितलं, “आज काही कारण नव्हतं.”

त्या दिवशी तिने पायातली एक फिन बोटीच्या दुसऱ्या टोकाला भिरकावली होती.

“काका, माझं चुकतंय काय ते तरी सांगा. हवा जास्त लागते मला?”

“नाही.”

“पाय मारताना गाळ उडवते?”

“छान पोहतेस. माझ्यापेक्षा छान.”

“मग आत का नाही नेत?”

काकांनी चहावर फुंकर मारली.

“काका!”

“ऐकतोय.”

“मी लहान पोर नाही. शंभर जणांना शिकवलंय मी. तुम्ही मला रोज दारातून परत फिरवता, आणि मी मुकाट्याने फिरते. आज तर मी अर्धा हात आत घातला होता!”

“हो. पण बघत माझ्याकडे होतीस.”

“बघणारच ना! तुमचा अंगठा कधी वर होतोय, एवढंच बघायचं माझ्या नशिबात आलंय. तो अंगठा जरा खिशात ठेवा की!”

काका घोट घ्यायचे थांबले. तिच्याकडे नीट पाहिलं, सहा दिवसांत पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

“बरं,” ते म्हणाले. “उद्या ठेवतो.”

उद्याचा दिवस शेवटचा होता. परवा बोट हिवाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढायची होती, आणि तबस्सुमची सुटीही संपत होती.

संध्याकाळी आजोबांचा फोन आला.

“पोचलीस का गो आत?”

“उद्या, आजोबा. नक्की.”

“घाई नाही,” आजोबा म्हणाले. पण फोन ठेवायच्या आधी त्यांनी पुन्हा विचारलं, “उद्या ना?”

सकाळी काकांनी तिला पुढे घातलं. “तू नेणार, मी मागे. खूण करायची असेल तर तू कर. मी नाही करणार.”

तबस्सुमला मनातून हसू फुटलं. इतके दिवस भांडायला हवं होतं, एवढंच तर होतं!

दोर धरून ती खाली उतरली. हिरवा उजेड काळसर होत गेला. मग गाळातून जहाज वर आल्यासारखं दिसलं. डेकचे कठडे, वाकलेली शिडी, आणि ते दार.

दाराबाहेर दोरी बांधायची, हातातल्या रिळातून ती सोडत आत जायचं, आणि तिच्याच आधाराने बाहेर यायचं. आत गाळ उडाला की स्वतःचा हातही दिसत नाही. दोरी हेच डोळे. हे ती तारकर्लीत प्रत्येक शिष्याला शिकवत आली होती.

दोरी बांधताना तिचा डावा हात चौकटीच्या गंजलेल्या पत्र्यावर घासला. हातमोजा फाटला. बर्फासारखं पाणी आत शिरलं.

आधी दुखलं. मग दुखायचं थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं. बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. रिळाचा खटका दाबला, दाबला गेला नाही. उजव्या हाताने प्रयत्न केला. रीळ निसटलं आणि दोरी आपल्याभोवतीच गुंतत खाली गाळात गेली.

तिने टॉर्च आत मारला.

बॉयलरचं गोल तोंड दिसलं. पाच मीटर. फार तर सहा. समोर जमीन मोकळी होती, एका माणसाला उभं राहता येईल इतकी.

दोरीशिवायही जाता येईल. चार वेळा पाय मारायचे. बस्स.

तिने मागे वळून पाहिलं.

काका हातांची घडी घालून पाण्यात तरंगत होते. कठड्यावरून सरकणाऱ्या एका खेकड्याकडे त्यांचं लक्ष होतं.

तबस्सुमने फाटका हातमोजा त्यांना दाखवला. काकांनी मान हलवली. पाहिलं, एवढंच. हो म्हणून नाही, नको म्हणूनही नाही.

तिला किंचाळावंसं वाटलं. सहा दिवस नको असताना अंगठा नाचवलात. आज हवाय तर हाताची घडी! म्हणा ना, वर चल म्हणून. म्हणजे मला तुमच्यावर चिडून वर जाता येईल...

काका खेकडा बघत राहिले.

तोंडातून बुडबुडे नुसते सुटत होते. टाकीतली हवा कमी होत होती. तिने पुन्हा आत पाहिलं. ते बॉयलरचं तोंड. ती मोकळी जागा. पंच्याऐंशी वर्षं.

डावा हात आता कोपरापर्यंत बधिर होता.

तिने उजवा तळवा दाराच्या चौकटीवर ठेवला. डोळे मिटले आणि मनातल्या मनात फातिहा पढली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक शब्दही न गाळता.

मग वळली, आणि अंगठा वर केला.

काकांनी तत्काळ खालचा कठडा चाचपला. तिथे त्यांनी स्वतःची दोरी बांधून ठेवली होती. तबस्सुम आत गेली असती तर तिच्या मागोमाग जायला. गाठ सोडून ते तिच्या शेजारी आले, आणि वर पोचेपर्यंत तिचा बधिर हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

बोटीवर चढताच तबस्सुमला रडू कोसळलं. रागाचं की कशाचं, तिलाही सांगता आलं नसतं.

“पाच मीटर, काका! पाच मीटर राहिलं होतं. आणि तुम्ही... तुम्ही खेकडा बघत होतात!”

“हो.”

“एक खूण करायला काय झालं होतं?”

काकांनी तिच्या खांद्यांवर घोंगडी टाकली. तिचा हात पुसून, आपल्या सूटची चेन उघडून आतल्या स्वेटरखाली, छातीशी धरला. बोटांत हळूहळू मुंग्या येऊ लागल्या.

“आजोबा वाट बघत असतील,” ती हुंदके देत म्हणाली. “आयुष्यभर वाट बघितली त्यांनी. काय सांगू त्यांना? की मी दारातूनच परत आले?”

काकांनी बोट किनाऱ्याच्या दिशेने वळवली.

“तेच सांग,” ते म्हणाले. “सांग, त्या दारापर्यंत गेलेलं तुमच्या घरातलं एक माणूस परत आलं.”